चार विवाह आणि तीन प्रांत : हॉलंडची काउंटेस याकोबा

मध्ययुगीन युरोपचा इतिहास आपण बहुधा राजे, पोप आणि लढाया यांच्या अनुषंगाने वाचतो. त्या इतिहासात स्त्री येते ती कोणाची तरी कन्या, कोणाची तरी पत्नी किंवा कोणाची तरी माता म्हणून. पंधराव्या शतकातील स्त्रियांपैकी जोन ऑफ आर्कचे नाव आपल्या विद्यार्थ्यांना ठाऊक असते. १४३० मध्ये कोंपिएन्य नगराबाहेर जोन पकडली गेली ती बर्गंडीचा ड्यूक फिलिप याच्या सैन्याकडून. ह्याच फिलिपशी त्यापूर्वी तीन वर्षे उघड युद्ध करणारी दुसरी एक तरुण स्त्री होती, तिचे नाव मात्र आपल्याकडे फारसे कोणी घेत नाही. ती म्हणजे हॉलंड, झीलंड आणि हेनो ह्या तीन प्रांतांची काउंटेस याकोबा. इंग्रजी ग्रंथांत ती जॅकलिन ह्या नावाने भेटते.

पस्तीस वर्षांच्या आयुष्यात तिचे चार विवाह झाले. एवढ्यावरून काही जुन्या लेखकांनी तिला चंचल आणि हट्टी ठरविले, तर कादंबरीकारांनी आणि नाटककारांनी तिला प्रेमाच्या शोधात भटकणारी दुर्दैवी नायिका बनविले. दोन्ही चित्रांत एकच उणीव आहे. त्यांनी विवाहांची संख्या मोजली, पण प्रत्येक विवाहाबरोबर तिच्या जमिनीचे काय झाले हे पाहिले नाही. प्रस्तुत लेखात तिच्या चारही विवाहांकडे ह्या दुसऱ्या बाजूने पाहण्याचा प्रयत्न आहे.

तीन प्रांत आणि एक मुलगी

ज्यांना आपल्याकडे वलंदेज म्हणत आणि ज्यांची सतराव्या शतकात वेंगुर्ल्यास वखार होती, त्या डच लोकांचा देश म्हणजे आजचे नेदरलंड्स. हॉलंड आणि झीलंड हे त्याचेच समुद्रकाठचे भाग. हेनो मात्र दक्षिणेला. त्याचा बराचसा भाग आज बेल्जियममध्ये व काही भाग फ्रान्समध्ये आहे. पंधराव्या शतकाच्या आरंभी हे तिन्ही प्रांत एका काउंटच्या सत्तेखाली होते. काउंट म्हणजे सम्राटाकडून मुलूख लाभलेला वंशपरंपरागत सरदार. नावाला तो जर्मन सम्राटाचा मांडलिक, पण व्यवहारात आपल्या मुलखाचा जवळजवळ राजाच.

ह्या प्रांतांचे महत्त्व त्यांच्या भूगोलात होते. ऱ्हाइन आणि मास ह्या मोठ्या नद्यांची मुखे येथे. हेरिंग मासळी, मीठ, बीअर आणि कापड यांच्या व्यापारावर डॉर्ड्रेख्ट, लायडन, हार्लेम, डेल्फ्ट, गौडा ही नगरे वाढत होती. दक्षिणेला बर्गंडीचे ड्यूक फ्लँडर्सचे धनी होऊन बसले होते आणि उत्तरेकडे सरकण्याची त्यांची इच्छा लपून राहिलेली नव्हती.

ह्या मुलखाचा काउंट सहावा विल्यम. त्याची पत्नी मार्गारेट ही बर्गंडीच्या घराण्यातील. ह्या दांपत्यास १४०१ च्या जुलै महिन्यात हेनोमधील ल केनुआ येथे कन्या झाली, तीच याकोबा. विल्यमला औरस मुलगा नव्हता. म्हणजे ही मुलगी जन्मतःच तीन प्रांतांची संभाव्य वारसदार होती.

येथे हॉलंडमधील पक्षभेद लक्षात घेतला पाहिजे. १३५० च्या सुमारास याकोबाची पणजी मार्गारेट आणि मार्गारेटचा मुलगा पाचवा विल्यम यांच्यात राज्यावरून युद्ध पेटले होते. त्यातून दोन तट पडले. मुलाच्या बाजूचे 'कॉड' म्हणविले गेले. कॉड हा उत्तर समुद्रातील मोठा मासा. आईच्या बाजूचे स्वतःला 'हुक' म्हणवू लागले. हुक म्हणजे मासा पकडण्याचा गळ. ढोबळ मानाने पाहता मोठी व्यापारी नगरे कॉड पक्षाकडे आणि जुन्या सरदार घराण्यांपैकी पुष्कळशी हुक पक्षाकडे झुकत, परंतु प्रत्येक नगरात आणि प्रत्येक घराण्यात दोन्हींचे लोक असत. हे वैर दीडशे वर्षे धुमसत राहिले. बाईने राज्य करावे की नाही, हा प्रश्न ह्या भूमीत याकोबाच्या जन्मापूर्वीच रक्ताने लिहिला गेला होता.

पहिला विवाह : फ्रान्सची राणी होता होता

चर्चच्या कायद्याप्रमाणे मुलीचा विवाह बाराव्या वर्षी आणि मुलाचा चौदाव्या वर्षी होऊ शकत असे. वाङ्निश्चय मात्र त्याच्या पुष्कळ आधी उरकला जाई. याकोबाचा वाङ्निश्चय १४०६ मध्ये कोंपिएन्य येथे झाला, त्या वेळी ती पाच वर्षांचीही झालेली नव्हती. नवरदेव होता फ्रान्सचा राजा सहावा चार्ल्स याचा मुलगा जाँ, तूरेनचा ड्यूक. वय वर्षे सात. पुढे हा मुलगा सासऱ्याच्या देखरेखीखाली हेनोमध्येच वाढला. भावी जावयाला आपल्या मुलखाची भाषा आणि रीत कळावी हा विल्यमचा हेतू उघड आहे.

१४१५ च्या ऑगस्टमध्ये हेग येथे विवाह झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरात आझँकूरच्या रणात इंग्लंडने फ्रान्सचा दारुण पराभव केला आणि डिसेंबरात फ्रान्सचा युवराज लुई मरण पावला. राजाचा धाकटा मुलगा म्हणून ज्याची निवड झाली होती तो जाँ एकाएकी युवराज झाला आणि चौदा वर्षांची याकोबा फ्रान्सची भावी राणी. विल्यमला ह्याने आनंद झाला तशी चिंताही वाटली असणार. म्हणूनच १४१६ मध्ये त्याने आपल्या सरदारांकडून आणि नगरांकडून, आपल्यामागे याकोबालाच धनीण मानू, अशी शपथ घेवविली.

पण १४१७ च्या एप्रिलमध्ये जाँ कोंपिएन्य येथे मरण पावला. पाठोपाठ ३१ मे रोजी विल्यमही गेला. कुत्र्याच्या चाव्याची जखम चिघळल्याचे निमित्त झाले. दोन महिन्यांच्या आत सोळा वर्षेही पुरी न झालेली मुलगी विधवाही झाली आणि तीन प्रांतांची धनीणही.

दुसरा विवाह : गहाण पडलेला मुलूख

हेनोने तिला निमूटपणे मान्यता दिली. हॉलंडमध्ये मात्र शपथा घेणाऱ्यांतील कॉड पक्षीयांनी पाठ फिरविली. त्यांना पुढारी मिळाला तो याकोबाचा सख्खा चुलता, बव्हेरियाचा जॉन. हा गृहस्थ लिएजचा नियोजित बिशप होता, पण त्याने दीक्षा कधी घेतलीच नव्हती. १४०८ च्या बंडानंतर त्याने लिएजच्या प्रजेवर जो सूड उगविला त्यावरून 'निर्दय जॉन' हे नाव त्याला चिकटले. आता त्याने बिशपपद सोडले, सम्राट सिगिस्मुंडची पुतणी एलिझाबेथ हिच्याशी विवाह केला आणि हॉलंडवर हक्क सांगितला. सम्राटाने त्याची बाजू उचलून धरली. साम्राज्याची ही जहागीर स्त्रीकडे जाऊ शकत नाही, असे म्हणून १४१८ मध्ये त्याने ती जॉनला देऊन टाकली.

याकोबाच्या पक्षाने डिसेंबर १४१७ मध्ये गोर्कुम येथे मोठा विजय मिळविला होता. तरीही काउंटेस स्वतः सैन्याची सेनापती होऊ शकत नाही, तिला पती हवा, हे सर्वांनी गृहीत धरले होते. हा पती कोण असावा हे विल्यमने मृत्यूपूर्वीच सुचविले होते आणि तिच्या आईनेही तेच ठरविले. ब्राबांटचा तरुण ड्यूक चौथा जॉन हा तिचा सख्खा मामेभाऊ होता. मामेभावाशी विवाह आपल्याकडे काही समाजांत चालतो. चर्चच्या नियमाप्रमाणे मात्र असा विवाह निषिद्ध आणि त्याला पोपची खास अनुज्ञा लागे. पोप पाचवा मार्टिन याने ती दिली, सम्राटाचा दाब येताच मागे घेतली आणि पुढे पुन्हा दिली. मधल्या काळातच, १० मार्च १४१८ रोजी, हेग येथे विवाह उरकून घेण्यात आला. ह्या डळमळीत पायाचे परिणाम पुढे दहा वर्षे भोगावे लागले.

हा नवरा दुबळा निघाला. दोघांनी मिळून डॉर्ड्रेख्टला वेढा घातला, तो फसला. १४१९ च्या आरंभी वाउड्रिखेम येथे तह होऊन चुलत्याला काही नगरे आणि कारभारात वाटा द्यावा लागला. परंतु खरा घाव बसला तो १४२० च्या एप्रिलमध्ये. कर्जाने वाकलेल्या ब्राबांटच्या जॉनने हॉलंड आणि झीलंड हे दोन्ही प्रांत बारा वर्षांसाठी चुलत्याकडे गहाण टाकले.

मुलूख याकोबाचा, वारसा तिच्या बापाचा, शपथा तिच्या नावाने झालेल्या. आणि गहाणखत करून देणारा तिचा नवरा! हे कसे शक्य झाले? त्याचे उत्तर त्या काळच्या कायद्यात आहे. वारसाने मिळालेली जमीन स्त्रीच्या नावावर राही, पण विवाह होताच तिचा कारभार पतीच्या हाती जाई. पत्नी त्याच्या पालकत्वाखाली येई. नावाची मालकी आणि हाताची सत्ता ह्या दोन गोष्टी अशा वेगळ्या पडत. याकोबाच्या सगळ्या आयुष्याची कोंडी ह्या एका नियमात सापडते. पती नसेल तर मुलूख राखता येत नाही, आणि पती असेल तर मुलूख आपला राहत नाही.

घरातही तिचा मान राहिला नव्हता. तिच्याबरोबर हॉलंडहून आलेल्या मानकरी स्त्रियांना ड्यूकने दरबारातून काढून टाकले. त्याच महिन्यात ती ब्रुसेल्सचा राजवाडा सोडून आईकडे हेनोला निघून गेली.

तिसरा विवाह : समुद्रापलीकडचा आश्रय

इथपर्यंतचे दोन्ही पती तिच्या वडीलधाऱ्यांनी निवडलेले होते. यानंतरचा निर्णय तिने स्वतः घेतला. १४२१ च्या मार्चमध्ये ती कॅलेमार्गे समुद्र ओलांडून इंग्लंडला गेली. राजा पाचवा हेन्री याने तिचे स्वागत केले आणि दरमहा १०० पौंडांची नेमणूक करून दिली. त्या वर्षी डिसेंबरात जन्मलेल्या राजपुत्राच्या, म्हणजे पुढच्या सहाव्या हेन्रीच्या, बाप्तिस्म्याच्या वेळी ती धर्ममाता होती. तिने राजाचा धाकटा भाऊ हम्फ्री, ग्लॉस्टरचा ड्यूक, याच्याशी विवाह केला. १४२३ च्या वसंतापूर्वी हा विवाह झालेला होता. ब्राबांटशी झालेला आपला विवाह जवळच्या नात्यामुळे मुळातच अवैध आहे, असे तिचे म्हणणे होते. पण रोमचा निकाल अद्याप आलेला नव्हता.

ह्या कृत्यात प्रेम किती आणि राजकारण किती हे ठरविण्याच्या भानगडीत इतिहासाच्या विद्यार्थ्याने पडू नये. एवढे मात्र स्पष्ट आहे की तिला असा पती हवा होता, ज्याच्या पाठीशी सैन्य आणि पैसा आहे. हम्फ्रीलाही पत्नीबरोबर तीन प्रांत मिळत होते. पण इंग्लंडच्या धोरणाशी हा विवाह सरळ आडवा गेला. १४१९ मध्ये बर्गंडीच्या ड्यूकचा खून झाल्यावर त्याचा मुलगा फिलिप फ्रान्सविरुद्ध इंग्लंडला मिळाला होता. फ्रान्समधील इंग्रजांचे यश ह्या मैत्रीवर उभे होते. हम्फ्रीचा वडील भाऊ बेडफर्डचा ड्यूक याने १४२३ मध्ये फिलिपच्या बहिणीशी विवाह करून ती मैत्री पक्की केली. आणि इकडे हम्फ्रीने, ज्या प्रांतांवर फिलिपची नजर त्यांच्याच वारसदारिणीशी लग्न लावले! फिलिप हा याकोबाचा दुसरा मामेभाऊ. १४२४ मध्ये निर्दय जॉनने त्यालाच आपला वारस नेमले.

१४२४ च्या शरद ऋतूत हम्फ्री आणि याकोबा सैन्यासह कॅलेला उतरले आणि हेनोमध्ये शिरले. पुढच्या जानेवारीत हेगमध्ये निर्दय जॉन मरण पावला; विषप्रयोग झाल्याची वार्ता सर्वत्र पसरली. हॉलंडमधला मुख्य प्रतिस्पर्धी नाहीसा झाला, परंतु फिलिपची फौज हेनोवर चालून आली. त्याने हम्फ्रीला द्वंद्वाचे आव्हान दिले. हम्फ्रीने ते स्वीकारले आणि द्वंद्वाची तयारी करण्याच्या निमित्ताने एप्रिल १४२५ मध्ये तो इंग्लंडला परतला. द्वंद्व कधी झाले नाही आणि हम्फ्रीही पुन्हा आला नाही. त्याच्याबरोबर परतणाऱ्यांत याकोबाच्या परिवारातील एलिनॉर कॉबम नावाची स्त्री होती.

याकोबा माँस नगरात मागे राहिली. नगरवासीयांनी तिच्या रक्षणाची हमी घेतली होती. दोन महिन्यांत ती हमी वितळली. जूनच्या आरंभी तिने हम्फ्रीला लिहिलेले मदतीच्या याचनेचे पत्र इतिवृत्तकार माँस्त्रेले याने आपल्या ग्रंथात उतरवून ठेवले आहे. पत्रानंतर थोड्याच दिवसांत नगरवासीयांनी तिला फिलिपच्या हवाली केले आणि ती गेंट येथे नजरकैदेत पडली.

तीन वर्षांचे युद्ध

येथे एखाद्या कथेत शोभावा असा प्रसंग आहे, पण तो खरा आहे. १४२५ च्या उन्हाळ्याच्या अखेरीस याकोबाने पुरुषाचा वेष धारण केला, घोड्यावर बसली आणि गेंटमधून निसटली. ती थेट हॉलंडमध्ये पोहोचली. गौडा, स्कोनहोव्हेन आणि आउडेवाटर ही नगरे तिच्या बाजूची होती. आता बाप नाही, नवरा जवळ नाही, अशा स्थितीत चोवीस वर्षांच्या ह्या स्त्रीने युद्ध पुकारले.

आल्फेन येथे तिच्या सैन्याने १४२५ मध्ये आणि पुन्हा १४२६ मध्ये विजय मिळविला. करांनी गांजलेले केनेमरलंडचे शेतकरी तिच्या बाजूने उठले. हम्फ्रीने एकदा सैन्य पाठविले, पण जानेवारी १४२६ मध्ये झीलंडमधील ब्राउवर्सहाव्हेन येथे फिलिपने ते कापून काढले. फिलिपची खरी ताकद मात्र रणांगणात नव्हती, ती नगरांच्या तिजोऱ्यांत होती. हॉलंडच्या बहुतेक मोठ्या नगरांना शांतता आणि फ्लँडर्सशी मोकळा व्यापार हवा होता, आणि दोन्ही देण्याचे सामर्थ्य फिलिपकडे होते. याकोबा ही एका पक्षाची पुढारी झाली. सर्व प्रजेची धनीण ती होऊ शकली नाही. तिच्या पराभवाचे हेही एक कारण आहे आणि तिच्याविषयी सहानुभूती बाळगताना ते विसरून चालणार नाही.

एप्रिल १४२७ मध्ये ब्राबांटचा जॉन मरण पावला. आणि ९ जानेवारी १४२८ रोजी पोपचा निकाल लागला : ब्राबांटशी झालेला विवाह वैध, हम्फ्रीशी झालेला अवैध. वाचकांनी ह्या निकालाकडे नीट पाहावे. ज्याच्याशी झालेला विवाह वैध ठरला तो पती नऊ महिन्यांपूर्वीच वारला होता. म्हणजे याकोबा आता विधवा होती. हम्फ्रीची इच्छा असती तर तो तिच्याशी दुसऱ्या दिवशी रीतसर विवाह करू शकला असता. अडथळा उरलाच नव्हता. त्याने विवाह केला तो एलिनॉर कॉबमशी.

लंडनच्या सामान्य स्त्रियांना हे रुचले नाही. १४२८ मध्ये तेथील बाजारपेठेतील काही स्त्रिया पार्लमेंटपुढे गेल्या आणि आपल्या पत्नीला संकटात टाकून परस्त्रीबरोबर राहणाऱ्या हम्फ्रीचा निषेध करणारे पत्र त्यांनी सादर केले. जिची भाषाही त्यांना येत नव्हती अशा परदेशी काउंटेससाठी बाजारातल्या बायका बोलल्या, हे त्या काळच्या कागदांतले एक विलक्षण पान आहे. ह्याच हम्फ्रीला इतिहास ग्रंथप्रेमी म्हणूनही ओळखतो. त्याने दिलेल्या हस्तलिखितांमुळे ऑक्सफर्डच्या ग्रंथालयातील एक दालन आजही त्याच्या नावाने प्रसिद्ध आहे. माणसाचा एक गुण त्याच्या दुसऱ्या दोषाची भरपाई करीत नाही, एवढेच यावर म्हणता येईल. एलिनॉरचेही पुढे भले झाले नाही. १४४१ मध्ये चेटूक केल्याच्या आरोपावरून तिला दोषी ठरविण्यात आले, तिचा विवाह मोडण्यात आला आणि उरलेले आयुष्य तिने कैदेत काढले.

डेल्फ्टचा तह

एकट्या पडलेल्या याकोबाने ३ जुलै १४२८ रोजी डेल्फ्ट येथे तह केला. डच भाषेत ह्या तहाला जे नाव आहे त्यातील शब्दाचा आजचा अर्थ 'चुंबन'; पण त्या काळी तो समेट ह्या अर्थाने वापरला जाई. समेट कसला, ती शरणागतीच होती. काउंटेस ही पदवी याकोबाकडे राहिली. फिलिप तिचा वारस आणि तिन्ही प्रांतांचा प्रत्यक्ष कारभारी झाला. कारभारी मंडळात बहुमत त्याच्या माणसांचे.

ह्या तहातील एक कलम आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे. फिलिप, याकोबाची आई आणि तिन्ही प्रांतांच्या प्रतिनिधिसभा यांच्या संमतीवाचून याकोबाने विवाह केला, तर तिची प्रजा तिच्या आज्ञेत राहणार नाही आणि मुलूख फिलिपकडे जाईल, असे ते कलम होते.

बाराव्या शतकापासून चर्चचा सिद्धांत असा होता की विवाह होतो तो वधूवरांच्या स्वतःच्या संमतीने. आईबाप, धनी किंवा राजा यांची संमती हा त्याचा प्राण नव्हे. डेल्फ्टच्या तहाने हा सिद्धांत नाकारला नाही. 'तू विवाह करू नकोस' असे त्यात कोठेही म्हटलेले नाही. तुझा विवाह वैध होईल, फक्त तुझे राज्य जाईल, एवढेच म्हटले आहे. धर्माने दिलेले स्वातंत्र्य राजकारणाने असे किंमत लावून विकावयास ठेवले. फिलिपला तलवारीपेक्षा ह्या कलमाचा भरवसा अधिक वाटला, कारण याकोबाला पती मिळणे म्हणजे पुन्हा युद्धाला पुढारी मिळणे हे तो ओळखून होता. शिवाय तिला मूल झाले असते तर त्याचा वारसा तेथेच संपला असता.

चौथा विवाह

फ्रांक फान बोर्सेल हा झीलंडमधील बलाढ्य घराण्यातील सरदार. १४३० पासून त्या प्रांतांचा कारभार पाहणाऱ्यांत फिलिपने त्याची नेमणूक केली होती. म्हणजे तो विरुद्ध गोटातला माणूस. १४३२ मध्ये याकोबाने त्याच्याशी गुप्त विवाह केला अशी परंपरागत हकिकत आहे. हा गुप्त विवाह खरोखर झाला होता की त्याची वदंता फिलिपला सोयीची पडली, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. घडले ते असे की फिलिपने बोर्सेलला अटक केली, आणि एप्रिल १४३३ मध्ये याकोबाने हॉलंड, झीलंड व हेनो यांवरील आपले सर्व हक्क फिलिपच्या स्वाधीन केले.

पतीच्या प्राणासाठी तिने राज्य सोडले, असे कथाकार सांगतात. ह्यात तथ्य असेल. पण पाच वर्षे नुसती पदवी भोगून आणि उत्पन्नाच्या अडचणी सोसून तिची लढण्याची साधने संपली होती, हेही तितकेच खरे. मोबदल्यात तिला काही जहागिरी आणि हॉलंडच्या वनांची अधिकारी ही नेमणूक मिळाली. बोर्सेलची सुटका झाली आणि १४३४ मध्ये दोघांचा विवाह उघडपणे साजरा झाला. आता फिलिपची हरकत नव्हती, कारण ह्या विवाहाने कोणाच्या हाती काही जाणार नव्हते. याकोबाचा हा एकच विवाह असा, की ज्यात तीन प्रांतांचा संबंध उरला नव्हता.

हे सुख दोन वर्षे टिकले. ८ ऑक्टोबर १४३६ रोजी लायडनजवळच्या टाइलिंगेन किल्ल्यात क्षयाने तिचा अंत झाला. हेग येथील दरबाराच्या प्रार्थनामंदिरात तिला पुरण्यात आले. चारही विवाहांपासून तिला अपत्य नव्हते. बोर्सेल तिच्यामागे तीस वर्षांहून अधिक जगला.

टाइलिंगेनच्या खंदकात पुढे मातीचे लहान चंबू सापडले. अखेरच्या दिवसांत याकोबा स्वतःच्या हाताने असे चंबू घडवी आणि खंदकात टाकून देई, अशी लोककथा त्यावरून रूढ झाली. डच लोक अजूनही त्या चंबूंना तिच्याच नावाने ओळखतात. पुरातत्त्वज्ञांच्या मते ती ऱ्हाइनकाठच्या कुंभारांची त्या काळची नेहमीची भांडी आहेत. तरी ही कथा लोकांना का आवडली असेल हे समजण्यासारखे आहे. राज्य हातचे गेलेल्या बाईच्या हातांना लोकांनी काही तरी काम दिले.

समारोप

याकोबाच्या चार विवाहांची आता एकत्र मांडणी करून पाहू. पहिला विवाह बापाने ठरविला. त्यात फ्रान्सच्या घराण्याशी सोयरीक मिळणार होती. दुसरा मृत बापाच्या इच्छेने आणि आईच्या सल्ल्याने झाला. त्यात नवऱ्याने मुलूख गहाण टाकला. तिसरा तिने मुलूख सोडविण्यासाठी केला. त्यात तिला युद्ध मिळाले आणि नवरा पळाला. चौथ्याच्या वेळी मुलूखच राहिला नाही, आणि तेव्हा कुठे ती एखाद्या साध्या सरदाराच्या पत्नीसारखी नांदू शकली. तिने पती बदलले असे म्हणण्यापेक्षा, तिच्या मुलखाचे कारभारी बदलत गेले आणि प्रत्येक बदलाला विवाहाचे नाव होते, असे म्हणणे वस्तुस्थितीला अधिक धरून होईल.

फिलिप मात्र यशस्वी झाला. १४३० मध्ये ब्राबांट आणि १४३३ मध्ये हे तीन प्रांत मिळून त्याने उत्तर समुद्राच्या काठी एक बलाढ्य सत्ता उभी केली. पुढच्या काळातील नेदरलंड्सच्या ऐक्याचा पाया त्यातच घातला गेला असे इतिहासकार मानतात आणि ते चुकीचे नाही. पण ह्या कथेला एक पुढचा अध्याय आहे. फिलिपचा मुलगा चार्ल्स १४७७ मध्ये रणांगणावर पडला आणि मागे राहिली ती एकुलती एक कन्या मेरी, वय वर्षे एकोणीस. सारा मुलूख एका अविवाहित मुलीच्या नावावर आला. फ्रान्सचा राजा सरहद्दीवर टपून बसला, प्रांतांच्या प्रतिनिधींनी तिच्याकडून सनद लिहून घेतली, आणि आमच्या संमतीवाचून विवाह करणार नाही हेही तिला मान्य करावे लागले. त्याच वर्षी तिने हॅब्सबर्ग घराण्यातील मॅक्सिमिलियनशी विवाह केला, आणि फिलिपने इतक्या हिकमतीने जोडलेली भूमी एका विवाहाने दुसऱ्या घराण्याकडे निघून गेली. याकोबाला ज्या कोंडीत पकडून फिलिपने राज्य मिळविले, त्याच कोंडीत त्याची नात सापडली.

म्हणून याकोबाची हकिकत ही एका दुर्दैवी स्त्रीची करुण कहाणी एवढीच नाही. मालकी एकाच्या नावाने आणि अधिकार दुसऱ्याच्या हाती, अशी व्यवस्था जेथे असते तेथे मालकाचे नाव हे संरक्षण ठरत नाही, ते संकट ठरते. ह्या स्त्रीजवळ धैर्य होते, बुद्धी होती, निष्ठावंत अनुयायी होते. नव्हता तो फक्त एक साधा हक्क : विवाहानंतरही आपली वस्तू आपली राहण्याचा. तो इंग्लंडमधील विवाहित स्त्रीला मिळावयास १८८२ चा कायदा व्हावा लागला, आणि खुद्द नेदरलंड्समध्ये विवाहित स्त्रीला स्वतंत्र कायदेशीर व्यवहार करण्याची पूर्ण पात्रता मिळाली ती १९५६ च्या कायद्याने. डेल्फ्टच्या तहाला तेव्हा पाचशे अठ्ठावीस वर्षे झाली होती. इतिहासाच्या विद्यार्थ्याने लढायांच्या सनावळीबरोबर ही सनावळीही पाठ करावी.